परदेशात पोलीस गाडीत येऊन बसला तेव्हा

अनवाणी

गेल्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा परदेशात लाच दिली. सांगायला लाज वाटते, पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

पूर्व आफ्रिकेतला एक देश. भाड्याची गाडी, मी चालवत होतो, शेजारी बायको, मागे दोन्ही मुलं पेंगलेली. संध्याकाळचे साडेपाच, उजेड फार तर तासभर टिकणार आणि मुक्काम अजून नव्वद किलोमीटर. गावाबाहेरच्या वळणावर हवालदाराने हात दाखवला. लायसन्स घेतलं, पण पाहिलंच नाही. मुठीत धरून गाडीभोवती चक्कर मारली. डिकी उघडायला लावली. दोन परावर्तक त्रिकोण आहेत? आहेत. अग्निशामक? आहे. ते लाल नळकांडं उलटसुलट करून म्हणाला, "मुदत संपलीय." म्हटलं, गाडी भाड्याची आहे. तर म्हणे, "चालवतोय कोण?"

मग बायकोला मागे बसायला सांगून तो स्वतः पुढच्या सीटवर येऊन बसला. दार ओढून घेतलं. टोपी काढून मांडीवर उताणी ठेवली आणि माझं लायसन्स त्या टोपीत टाकलं. "आज शुक्रवार. कोर्ट सोमवारी." बस्स, एवढंच. त्यानंतर समोरच्या काचेतून बघत बसला. एक मिनिट, दोन मिनिटं. मागे धाकटी विचारतेय, बाबा हे काका पण आपल्याबरोबर येणार का?

मला ती शांतता झेपली नाही. मीच म्हणालो, "इथल्या इथे काही होईल का?"

त्याने मागितलेच नव्हते हो! नोट दुमडून टोपीत ठेवली, लायसन्स बाहेर आलं, "सफारी न्जेमा" म्हणून हसत उतरला. पस्तीस किलोमीटरवर पुढचा नाका. तिथला हवालदार लायसन्सही न मागता थेट डिकीकडे गेला. पहिल्याने फोन केला असेल की योगायोग, देव जाणे. तिथे निम्म्यात सुटलो.

तर प्रश्न असा, की दुसरं काय करायला हवं होतं? आणि खरंच ठाण्यात नेलं असतं तर पुढे काय?

टोलनाका

अनवाणी, लाज वगैरे सोडा. त्या भागात मी सहा वर्षं काढली आहेत, पहिल्या वर्षी मीही टोपी भरलेली आहे. स्वाहिलीत याला 'किटु किडोगो' म्हणतात, म्हणजे 'छोटंसं काहीतरी'. मेक्सिकोत 'मोर्दिदा', म्हणजे चावा. इंडोनेशियात 'उआंग रोकोक', सिगारेटचे पैसे. लाचेला लाच कुणीच म्हणत नाही, तसं तुम्हीही म्हणायचं नाही. "ही लाच आहे" असं तोंडावर म्हणालात की त्याला माघार घ्यायला जागा उरत नाही, आणि मग तो खरोखर नियमावर बोट ठेवतो.

मला जे कळलं ते असं. त्याच्याकडे विकायला फक्त एकच वस्तू असते, तुमचा वेळ. तो गप्प बसला ना, तो दुकान मांडून बसला होता. अंधार पडतोय, मुलं आहेत, लांब जायचंय, हे त्याने तुमच्या आधी मोजलं. त्यावर उपाय म्हणजे गिऱ्हाईकच नाही असं दाखवायचं. इंजिन बंद. काचा खाली. पाण्याची बाटली काढायची, त्यालाही विचारायचं. गाव कुठलं, मुलं किती, पाऊस कधी लागतो इकडे. मग वही उघडून शांतपणे: "साहेब, चूक असेल तर दंड भरतो. पावती फाडा. नाव आणि नंबर लिहून घेतो, गाडीच्या मालकाला दाखवायला लागेल." आवाज चढवायचा नाही, मोबाइल रोखून चित्रीकरण तर अजिबात नाही. तुमच्यापाशी तो पाऊण तास बसला तर तेवढ्यात पंधरा गाड्या निसटून जातात. हा हिशेब त्याला तुमच्यापेक्षा चांगला येतो.

माझ्या अंदाजाने दहातल्या सात वेळा "जा" म्हणतात. दोनदा खरी पावती मिळते. दहाव्या वेळी ठाण्यात जावं लागतं, आणि तिथे वरचा अधिकारी असतो, नोंदवही असते, त्यामुळे बहुतेकदा रस्त्यापेक्षा तिथेच लवकर उरकतं.

आणि दुसऱ्या नाक्याचं म्हणाल तर योगायोग नव्हता तो. एकदा दिलेत की तुमची गाडी 'देणारी' होते.

सडेतोड

टोलनाका, लिहिलंय छान. पण हे सगळं पुरुषाच्या सोयीचं आहे. मी एकटी फिरते. रात्री साडेनऊला सुनसान रस्त्यावर दोन गणवेशधारी मला "ठाण्यात चल" म्हणाले तर मी वही उघडून नंबर लिहीत बसू? ते खरे पोलीस आहेत की नाहीत इथपासून प्रश्न.

माझ्यावर ही वेळ एकदा आली, देश सांगत नाही. दार आतून बंद, काच चार बोटं खाली, आणि मुक्कामाच्या मालकिणीला फोन लावून स्पीकरवर टाकला. ती त्यांच्या भाषेत काय बोलली कळलं नाही, पण सूर वडीलबहिणीचा होता. तरी पैसे दिलेच मी, दुसऱ्या पाकिटातले. तेव्हापासून दोन पाकिटं ठेवते, एकात दिवसापुरते आणि एक बंद झालेलं कार्ड. त्या रात्री मला शांत झोप लागली आणि तत्त्व वगैरे काही टोचलं नाही.

टोलनाका

सडेतोडताई, मान्य. माझं म्हणणं दिवसाउजेडी, वाहत्या रस्त्यावर, गाडीत आणखी माणसं असताना. समोरचा प्यायलेला असेल, बंदूक असेल, अंधार असेल तर द्यावेत आणि निघावं. हे आधीच लिहायला हवं होतं.

चष्मिष्ट

उलट बाजू सांगतो, कारण मी माती खाल्ली आहे. रस्त्यात पोलीस पैसे मागतोय म्हणजे लाचच, असं नाही.

ऑस्ट्रियात महामार्गावर वेगासाठी थांबवलं. अधिकारी म्हणाला, आत्ताच भरा. माझ्या डोक्यात असलंच काहीबाही वाचलेलं. मी बाणेदारपणे, "आय वॉन्ट अ रिसीट!" त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं, पट्ट्याला लावलेलं कार्डाचं यंत्र काढलं आणि म्हणाला, "रिसीट तर येणारच, आधी कार्ड." बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती.

तिथे जागीच दंड घेऊन पावती देणं हे कायद्यातच आहे, त्याला 'ऑर्गानमांडाट' म्हणतात. जर्मनीत तुमचा तिथे राहता पत्ता नसेल तर पोलीस अनामत रक्कम जागेवर घेऊ शकतात. आणि इटलीत वाहतुकीचे बरेचसे दंड पाच दिवसांच्या आत भरले तर तीस टक्के सूट मिळते, अगदी सरकारी! हे ठाऊक नसलेल्याला वाटावं, मांडवलीच चाललीय.

सगळा फरक कागदाचा. छापील क्रमांकाची पावती किंवा कार्डाचं यंत्र असेल तर निमूटपणे भरा.

अर्धा वकील

चष्मिष्ट यांचा मुद्दा पुढे नेतो. काही देशांत नोट पुढे करणं हाच मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा ठरतो. सिंगापूरमध्ये भ्रष्टाचारविरोधी कायद्याखाली देणारा आणि घेणारा सारखेच अडकतात, एक लाख सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. समोरच्याने नाकारली तरी देऊ करणं पुरेसं आहे. वाहतुकीच्या दंडावर सुटला असता असा माणूस लाचेच्या खटल्यात जातो.

जॉर्जिया हे दुसरं टोक. सोव्हिएत काळानंतर तिथले वाहतूक पोलीस चिरीमिरीसाठी बदनाम होते. २००४-०५ च्या सुमारास सरकारने अख्खं वाहतूक पोलीस दलच घरी पाठवलं, नवी भरती केली, पगार वाढवले, ठाण्यांना काचेच्या भिंती लावल्या, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसावं म्हणून. शेजारच्या देशातून सवयीने नोट दुमडून आणणाऱ्याची तिथे फजिती.

कामानिमित्त फिरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा परदेशी सरकारी माणसाला दिलेल्या पैशालाही लागतो, आणि 'काम लवकर व्हावं म्हणून किरकोळ' अशी पळवाट त्यात नाही. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यात अशा किरकोळ रकमेला मर्यादित सवलत आहे, पण ती नेहमीची, हक्काची सरकारी कामं लवकर व्हावीत म्हणून. दंड चुकवायला नव्हे. खर्चाच्या तक्त्यात 'इतर' म्हणून टाकलेला आकडा लेखापरीक्षणात निघाला की हवालदार राहतो बाजूला, आणि नोकरी जाते.

धनुकली

सडेतोड यांनी तोतया पोलिसांचा उल्लेख केला म्हणून. पूर्व युरोपच्या राजधान्यांत हा प्रकार जुना आहे. एक जण नकाशा घेऊन रस्ता विचारतो किंवा पैसे बदलून हवेत का म्हणतो. आपण काही बोलायच्या आत दोन साध्या वेशातले "पोलीस" उगवतात, बिल्ला दाखवून झटकन मिटतात, आणि त्या पहिल्याला दरडावून त्याचं पाकीट तपासतात. तो मुकाट देतो. मग आपली पाळी, "खोट्या नोटा तपासायच्या आहेत." पहिला त्यांचाच माणूस, हे हॉटेलवर पोचून पैसे मोजताना कळतं.

बुखारेस्टमध्ये मला यातलं अर्धं नाटक बघायला मिळालं. मी "ठाण्यात जाऊन दाखवते" म्हणून चालायलाच लागले, उजेडाच्या दुकानाकडे. मागे वळून पाहिलं तर तिघंही गायब. पाकिटातल्या नोटा मोजायला खरा पोलीस रस्त्यात थांबवत नाही. शंका आली तर युरोपात ११२ लावून सरळ विचारायचं, तुमची माणसं आहेत का ही? खरे असतील तर ते थांबतील. पर्यटकांसाठी वेगळे पोलीस असलेले देशही आहेत, थायलंडमध्ये ११५५, ग्रीसमध्ये १५७१, इजिप्तमध्ये १२६.

अनवाणी

सगळ्यांचे आभार. टोलनाका, "दुकान मांडून बसला होता" हे वाचून बायकोने मान डोलावली. पण दुसरा अर्धा प्रश्न तसाच आहे. खरोखर अटक झाली तर? पहिल्या तासात काय करायचं?

दूरदेशी

मी जपानमध्ये राहतो. लाच हा शब्दही इथे पोलिसांसमोर काढू नका, पण अटकेचं गणित सगळ्यांना माहीत असावं. पोलीस ४८ तास ठेवू शकतात, मग सरकारी वकील २४ तास, त्यानंतर न्यायाधीशाच्या परवानगीने दहा दिवस आणि आणखी दहा दिवस. आरोपपत्राशिवाय एकूण २३ दिवस. आणि हे एका आरोपासाठी. दुसरा आरोप लावून नव्याने अटक केली तर मोजणी पुन्हा एकपासून. चौकशीच्या खोलीत वकील शेजारी बसत नाही.

कशावरून होतं हे? ओळखीतला एक मुलगा स्टेशनबाहेर महिनोन्‌महिने धूळ खात पडलेली सायकल उचलून चालवत होता. इथे प्रत्येक सायकलची नोंद असते. गस्तीवरच्या पोलिसाने क्रमांक तपासला, नाव दुसऱ्याचं निघालं. टाकून दिलेली वस्तू बळकावणं हाही गुन्हाच. याचं निभावलं एका संध्याकाळच्या चौकशीवर, पण त्या संध्याकाळी त्याने जपानी मजकुराच्या चार पानांवर सही केली. काय लिहिलं होतं ते त्याला अजूनही माहीत नाही. हे करू नका. दुभाषा मागा, वाचून दाखवायला सांगा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर सही नाही. इथल्या बार असोसिएशनची 'तोबान बेंगोशी' नावाची सोय आहे, अटक झालेल्याला वकिलाची पहिली भेट फुकट. पण ती मागावी लागते.

आणि पर्यटक असाल तर पासपोर्ट कायम अंगावर. छायाप्रत चालत नाही, इथे तो कायदा आहे.

अर्धा वकील

'मागावी लागते' हेच खरं. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, वाणिज्य दूतावासांच्या संबंधांबद्दलचा. त्याचं कलम ३६ सांगतं की परदेशी नागरिकाला पकडलं तर पोलिसांनी विनाविलंब त्याला सांगायला हवं, की तुझ्या दूतावासाला कळवण्याचा तुला हक्क आहे. त्याने म्हटलं तर दूतावासाला कळवायचं, आणि दूतावासाच्या माणसाला त्याला भेटता यायला हवं. इथे गोम अशी की बहुतेक देशांत ते 'तुम्ही म्हटलंत तर'च कळवतात. गप्प बसलात तर दूतावासाला पत्ताच नसतो. म्हणून एक वाक्य पाठ हवं, "माझ्या दूतावासाला कळवा." ते पुन्हा पुन्हा म्हणायचं, आणि कधी म्हटलं ते लक्षात ठेवायचं.

हे कलम आपल्याकडे माहीत झालं कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात. जुलै २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचा निकाल दिला. पण कलम मोडणारे सगळ्या प्रकारचे असतात. लाग्रांड नावाचे दोन जर्मन भाऊ अमेरिकेत दरोडा आणि खुनाच्या खटल्यात होते. त्यांना हा हक्क कुणी वेळेत सांगितलाच नाही. १९९९ मध्ये दोघांनाही देहदंड दिला गेला, आणि त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला चूक ठरवलं २००१ मध्ये.

दूतावास काय करू शकत नाही हेही सांगतो, कारण फोनवर रडणारे नातेवाईक तिथेच दुखावतात. ते तुम्हाला सोडवून आणू शकत नाहीत. त्या देशाच्या न्यायालयात ढवळाढवळ करू शकत नाहीत. तुमचा दंड सहसा भरत नाहीत. भेटायला येतात, वकिलांची यादी देतात, घरी कळवतात, मारहाण होत असेल तर तक्रार लावून धरतात. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' संकेतस्थळ २०१५ पासून आहे, घरच्यांनी तिथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, नंतर पाठपुरावा त्या क्रमांकावरच होतो. खरोखर हलाखी असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलाची मदतही मिळू शकते.

माई

तुम्ही सगळे हवालदाराला घाबरताय, मला भीती वाटते ती औषधांच्या डबीची. डॉक्टरने लिहून दिलंय म्हणजे जगभर चालेल, असं समजणारी भोळी माणसं मी पुष्कळ पाहिली. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल हे वेदनाशामक संयुक्त अरब अमिरातीत न्यायचं तर आधी आरोग्य खात्याची परवानगी लागते. लक्ष एकाग्र होण्यासाठी मुलांना देतात त्यातली अँफेटामीनची औषधं जपानमध्ये नेताच येत नाहीत, चिठ्ठी असो वा नसो. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बंद. आणि सिंगापुरात पंधरा ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉइन म्हणजे थेट देहदंडाचं कलम, म्हणून विमानतळावर कुणाचंही पुडकं "फक्त पलीकडे पोचवा" म्हणून घ्यायचं नाही. दूरच्या नात्यातला असला तरी नाही.

टोलनाका

माई, पूर्ण सहमत. जाता जाता, स्कूटर भाड्याने घेताना पासपोर्ट गहाण ठेवणाऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. परत करताना जुना ओरखडा नवा ठरतो, भरपाई स्कूटरच्या किमतीएवढी, आणि मध्यस्थीला आलेला पोलीस मालकाच्या ओळखीचा निघतो. पासपोर्ट त्यांच्या खणात असल्यावर तुम्ही वाटाघाटी काय करणार? रोख अनामत ठेवा, आणि घेतानाच चारी बाजूंनी तारखेसकट फोटो.

सडेतोड

फोटोंना +१. अनवाणी, तुम्ही काढले होते का हो गाडीचे?

अनवाणी

काढले होते. तुमचा प्रश्न वाचून आत्ता उघडले. गाडी ताब्यात घेताना डिकीचाही एक काढलाय. त्रिकोण, जॅक, आणि कडेला ते लाल नळकांडं. मोठं करून पाहिलं. लेबलवर तपासणीची तारीख आहे, ती मी गाडी घेतली त्याच्या पाच महिने आधीच उलटून गेली होती.

म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. दंड खरा होता.

मग गाडी देणाऱ्यांना फोटो पाठवून विचारलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, चूक आमची, दिलगीर आहोत, दंडाची पावती पाठवा, पूर्ण रक्कम परत करतो.

टोलनाका

मग? काय कळवलंत?

अनवाणी

अजून काहीच नाही. बायको म्हणते, टोपीचा फोटो पाठव.